दुसरा भोंगा

मंगळवारी सकाळी अकरा वाजता रश्मीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निमित्त झालं पुण्याहून आलेल्या चाचणीच्या अहवालाचं. सातवी लेव्हल, नाव 'खदान'. खेळणारे आठ, पूर्ण करणारे शून्य.

रश्मीचं काम काय ते आधीच सांगितलेलं बरं, कारण गडचांदूरच्या तिच्या गल्लीलाही ते अजून नीट समजलेलं नाही. गल्लीचा समज असा, की सोमाजीची पोरगी दिवसभर घरात बसून गेम खेळते आणि पुण्याची येडी माणसं तिला त्याचा पगार देतात. तसं नाही बाप्पा. ती गेम बांधते. 'रानगोळी' नावाचा धावत धावत गोळ्या झाडायचा गेम आहे. त्यात लाली नावाची पोरगी डावीकडून उजवीकडे पळते, खड्डे ओलांडते, अंगावर येणारी यंत्रं उडवते आणि एक गोळी लागली की आडवी होते. मग पुन्हा मागून सुरुवात. असा गेम अवघडच लागतो, नाहीतर खेळणारा अर्ध्या तासात जांभया देतो. पण कसाही अवघड करून चालत नाही. लाली मेली की खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, "हॅट, चूक माझीच, आणखी एकदा." ज्या घडीला त्याला वाटतं की चूक गेमची आहे, त्या घडीला तो बंद करून चहा प्यायला जातो. खड्डा कुठे, तोफ कुठे, दम घ्यायला दोन पावलं जागा कुठे, हे ठरवणारी माणसं असतात. रश्मी त्यांच्यातली एक.

दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या लेव्हलमधले खड्डे इकडचे तिकडे सरकवले होते. सातवी तेवढी पहिल्यापासून शेवटपर्यंत तिची. ती तिने कशाची बांधावी? जे जन्मापासून डोळ्यांसमोर होतं त्याचीच. चुनखडीची खदान, तिचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे, डंपर, दगड वाहून नेणारा लांबलचक पट्टा. आणि ऐन मध्ये सुरुंगाचं मैदान. तिथे भोंगा वाजतो, सुरुंग उडतात, वरून दगड पडतात. पत्र्याच्या आडोशाखाली लपायचं आणि वेळ साधून पुढच्या आडोशाकडे पळायचं. तीन महिने राबून केलं होतं तिने.

"तीनशे बारा वेळा मेलेत आठ जण मिळून," पवन सर व्हिडिओ कॉलवर म्हणाले. पवन सर म्हणजे पुण्यातले तिचे वरिष्ठ. माणूस भला, पण वाईट बातमी सांगताना चष्मा पुसत बसण्याची खोड. "त्यातले दोनशे सत्तर एकट्या सुरुंगाच्या मैदानात. अश्विनने काय लिहिलंय वाचू?"

"वाचा."

"'ही लेव्हल अवघड नाही, मनमानी आहे. कधी काय होईल त्याला काही नियमच नाही.'"

अश्विन म्हणजे त्या आठांतला सगळ्यात तरबेज. ज्या लेव्हलवर इतर लोक आठवडा घालवत, ती तो जेवणाच्या सुट्टीत संपवायचा. त्याचं वाक्य रश्मीला नाकात मिरची गेल्यासारखं झोंबलं.

"नियम आहे, सर. माझे बाबा साठीचे आहेत. त्यांना धड उडी मारता येत नाही, प्रत्येक खड्ड्यात पडतात. पण सुरुंगाच्या मैदानात ते एकदाही मेलेले नाहीत. आता बोला."

पवन सरांनी चष्मा पुसला. "तुझे बाबा विकत घेणार आहेत का गेम? हे बघ, दोन वाटा आहेत. एक तर गोळ्या आणि दगड अर्धे कर. नाहीतर लेव्हल काढू, सहावीवरून थेट आठवी. शुक्रवारी चार वाजता हेच आठ जण पुन्हा खेळतील, प्रत्येकाला मोजकेच जीव मिळतील. तीन जणांनी जरी पूर्ण केली तरी राहील. नाही केली तर माझ्या हातात काही नाही."

गोळ्या अर्ध्या करायच्या म्हणजे खदानीची बालवाडी करायची. रश्मीने कॉल बंद केला आणि लॅपटॉपला दोन शिव्या घातल्या. लॅपटॉपचा काही दोष नव्हता.

त्याच संध्याकाळी दुर्गा राहायला आली. दुर्गा तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाची. गडचांदुरात एका लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली होती, गुरुवारपासून हजर व्हायचं होतं, म्हणून सोमाजीच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. पोरगी बोलकी, मराठीत मध्येच तेलुगू सांडणारी. होस्टेलवर मोबाईलच्या गेममध्ये सगळ्यांना लोळवायची, असं तिने आल्या आल्या स्वतःच सांगून टाकलं. रश्मीला तेच पाहिजे होतं. पुण्याचे पोट्टे मऊ पडले, ही तरी दाखवील खदान कशी खेळायची ते.

बुधवारी सकाळी दुर्गा खेळायला बसली. रश्मी तिच्या मागे उभी. या धंद्यात एक नियम फार कडक असतो, दुसरा खेळत असताना बांधणाऱ्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. रश्मीने ओढणीचं टोक दातांत धरलं.

दुर्गाचा हात खरंच चलाख होता. कडे चढली, डंपर चुकवले, पट्ट्यावरून उलटी पळत तीन तोफा फोडल्या. आणि मग सुरुंगाच्या मैदानात मेली. पुन्हा मेली. एकोणीस वेळा मेली. भोंगा वाजला की आडोशात जायची, ते बरोबर. धमाका व्हायचा. शांत व्हायचं. ही तडक बाहेर पळायची, आणि दुसरा धमाका होऊन दगड डोक्यात. एखाद्या वेळी कशीबशी वाचली, तर पुन्हा भोंगा वाजायचा आणि ही पळायची सोडून परत आत दडायची. अगं पळ ना आता, पळ! रश्मीने ओढणीचं टोक आणखी घट्ट चावलं.

"अय्यो!" दुर्गाने कंट्रोलर गादीवर टाकला. "येडा आहे तुझा भोंगा. कधीबी वाजतो."

"कधीबी नाही वाजत," रश्मी चिडून म्हणाली. "बाबा! इकडे या जरा."

सोमाजी बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते. तीस वर्षं खदानीत सुरुंगाच्या गँगमध्ये काम करून दोन वर्षांपूर्वी घरी बसलेला माणूस. ते आले, चष्मा वर केला, कंट्रोलर जेवणाचं ताट धरावं तसा दोन्ही हातांत आडवा धरला. रश्मीने त्यांना थेट मैदानातच सोडलं. भोंगा वाजला, लालीला त्यांनी आडोशात नेलं. धमाका. शांतता. सोमाजी निवांत. दुसरा धमाका. शांतता. सोमाजींनी मान खाजवली. भोंगा वाजला, तशी लाली बाहेर काढली आणि रमतगमत पुढच्या आडोशाला नेली. पाचही आडोसे पार झाले.

"काकांना तू आधी सांगितलं होतं," दुर्गा म्हणाली.

"शपथ. एक शब्द नाही सांगितला."

"हे काय सांगाची गोस्ट हाय?" सोमाजी म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचायला गेले.

दुर्गा रुसून अंगणात कपडे वाळत घालायला गेली. रश्मी आत धुमसत बसली. दुपारचा दीड वाजला आणि गावाबाहेरच्या खदानीचा खराखुरा भोंगा वाजला.

गल्लीला त्याचं काही विशेष नाही. फार पूर्वी एकदा एक दगड उडत येऊन कोणाच्या तरी टिनावर पडला होता, तेव्हापासून भोंगा वाजला की माणसं सवयीने छपराखाली होतात. समोरच्या वच्छलाबाईने चहाचं पातेलं आत घेतलं. सायकलवाला थांबून ओट्यावर छपराखाली आला. दुर्गाही घाबरून दारात आली. धूम! भांडी वाजली. मग शांत झालं. दुर्गाने इकडेतिकडे पाहिलं, झालं वाटतं, असं म्हणाली आणि राहिलेले कपडे घ्यायला अंगणात उतरली.

"अवं, आत ये बाई!" सोमाजी ओरडले. "दुसरा भोंगा नाई झाला अजून!"

धूम! दुर्गा किंचाळत आत आली. कानांवर हात ठेवून भिंतीला टेकली. दोन-तीन मिनिटं गेली. मग पुन्हा तसाच लांब भोंगा वाजला. वच्छलाबाई पातेलं घेऊन बाहेर आली, सायकलवाल्याने पायडल मारलं, सारी गल्ली हलायला लागली, आणि दुर्गा मात्र भोंगा ऐकून पळत मागच्या खोलीत शिरली आणि तिने कडी लावली.

रश्मी खिडकीत उभी राहून हे पाहत होती. आधी तिला हसू आलं. मग हसता हसता ती थांबली. सगळे बाहेर आले तेव्हा दुर्गा आत गेली, आणि सगळे आत होते तेव्हा ती बाहेर. एकोणीस वेळा लाली जशी मेली, अगदी तशीच.

तिने कपाळावर हात मारला. पहिला भोंगा म्हणजे आत व्हा. मग धमाके कितीही होवोत, एक होवो की चार, मधली शांतता खरी मानायची नाही. दुसरा भोंगा झाला की मगच बाहेर. हे तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं, चालायला लागली तेव्हापासून ती तेच करत होती. जगात हे ठाऊक नसलेली माणसं असतात, हे सव्वीस वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. अश्विनचा काय दोष? तिने नियम बांधला होता आणि तो सांगायचाच राहिला होता. तिला स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

"सर, चूक सापडली," तिने फोन केला. "गोळ्यांची नाही. माझी."

सगळं ऐकून पवन सर म्हणाले, "मग सोपं आहे. एक पाटी लाव. 'दुसऱ्या भोंग्याशिवाय बाहेर पडू नये.'"

"पाटी कोणी वाचत नाही, सर. आणि वाचून थांबला तर तो माझं ऐकून थांबला. त्याला स्वतःला कळलं पाहिजे."

"दोन दिवस आहेत हातात."

"पुरतात."

आता पोरीने काय केलं ते ऐका. लेव्हलच्या सुरुवातीला तिने एक नवं अंगण बांधलं. तिथे ना तोफ, ना यंत्र, ना खड्डा. एक म्हातारा ओट्यावर बसलेला, चार शेळ्या, एक पत्र्याचा आडोसा. भोंगा वाजला की म्हातारा पाय आत घेतो, शेळ्या ओट्यावरच्या छपराखाली जातात. धमाका, शांतता, म्हातारा जागचा हलत नाही. दुसरा धमाका. मग भोंगा, आणि म्हातारा शेळ्या घेऊन बाहेर निघतो. म्हाताऱ्याचा चेहरा सोमाजींवर बेतलेला होता, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही.

गुरुवारी पहिल्या दिवसाची नोकरी करून दुर्गा परतली, तशी रश्मीने तिला बसवलं. दुर्गा अंगणात आली, म्हातारा दिसला, आणि तिने धाडधाड गोळ्या झाडायला सुरुवात केली. मग शेळ्यांवर. भोंगा कधी वाजला नि कधी थांबला, तिला पत्ता नाही.

"मले काऊन मारून राह्यली वं ही?" सोमाजी मागून म्हणाले. त्यांनी स्वतःला बरोबर ओळखलं होतं.

"मला वाटलं दुश्मन आहे," दुर्गा म्हणाली.

रश्मीने डोकं धरलं. पण चूक तिचीच होती. ज्याच्या हातात बंदूक आहे आणि पळायला मैदान आहे, तो उगीच कोणाकडे बघत कशाला बसेल? मग तिने आडोशाला लोखंडी गज लावले. लाली आत आली की फाटक बंद, आणि ते उघडणार दुसऱ्या भोंग्यालाच. गजाबाहेर म्हातारा बसलेला. आत करायला काहीच नाही, बघण्याशिवाय. मधल्या शांततेत, माणूस जिथे पहिलं पाऊल टाकील नेमक्या त्याच जागी, नाकासमोर दगड आदळायचा. मैदानातल्या पहिल्या आडोशाला गज नाहीत, म्हातारा नाही, फक्त एक शेळी. त्याच्या पुढच्याला शेळीही नाही. तिथून पुढे आपला आपण.

दुर्गा पुन्हा बसली. गजाआड उभी राहून बघत राहिली. दगड पडला तेव्हा "अम्मा!" म्हणाली. शेळीच्या आडोशात एकदा चुकली, मेली, आणि कंट्रोलर न टाकता हसली. "माझीच घाई," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला ती पाचवा आडोसा ओलांडून मैदानाबाहेर होती.

माझीच घाई! रश्मीला ते दोन शब्द ऐकून नाचावंसं वाटलं. नाचली नाही. त्याऐवजी तिने शेवटच्या आडोशापुढे एक तोफ वाढवली. नियम कळल्यावर ती जागा तिला जरा जास्तच आरामाची वाटायला लागली होती.

शुक्रवारी चारला पाच मिनिटं असताना पवन सरांनी विचारलं, "गोळ्या किती कमी केल्यास?"

"एकही नाही. एक तोफ जास्त आहे."

त्यांनी चष्मा काढला, पण पुसायचं विसरले. "रश्मी, तीन जण. तीन नाही झाले तर मी ही लेव्हल काढतोय. आत्ताच सांगून ठेवतो."

"हो, सर."

आठही जण पुण्याच्या ऑफिसात एका खोलीत, आणि रश्मीच्या स्क्रीनवर आठ चौकटी. प्रत्येकीत एक चेहरा आणि त्याचा खेळ. रश्मीने स्वतःचा आवाज बंद केला. शेजारी सोमाजी खुर्ची ओढून बसले. दुर्गा लॅबमध्ये होती, पण दर दहा मिनिटांनी तिचा मेसेज येत होता, "काय झालं? काय झालं?"

पहिला पोट्टा अंगणातच वैतागला. दुसरी पोरगी मैदानात पोचली आणि शेळीच्या आडोशात दोनदा मेली. तिसरा मेला, चौथा मेला. साडेचार झाले. मग शेळीपाशी मेलेली ती पोरगी, दिव्यानी तिचं नाव, तिसऱ्यांदा आली, शांततेत थांबली, दुसऱ्या भोंग्याला निघाली आणि एका दमात उरलेले आडोसे ओलांडून गेली. नव्या तोफेने तिला दोनदा लोळवलं. तिसऱ्यांदा तिने तोफ फोडली आणि कडा चढून लेव्हल संपवली. "येस!" ती इतक्या जोरात ओरडली की सोमाजी दचकले.

"एक," ते म्हणाले.

पाच वाजता दुसरा झाला. अंगणात वैतागलेला तोच. बघता बघता तो इतका रंगला होता की संपल्यावरही त्याचे अंगठे हलत होते.

मग अर्धा तास कोणीच नाही. पाच जणांचे जीव संपले. उरला एकटा अश्विन, आणि त्याच्याकडे शेवटचा जीव. पाचव्या आडोशात तो शिरला तेव्हा बाकीचे सात जण आपापल्या खुर्च्या सोडून त्याच्या मागे येऊन उभे राहिले.

भोंगा. धमाका. शांतता.

ही शांतता रश्मीने मुद्दाम सगळ्यात लांब ठेवली होती. समोर वाट मोकळी, पुढचा कडा दिसतोय, तोफ तोंड फिरवून बसलेली. मागून कोणीतरी म्हणालं, "जा ना! मोकळं आहे!" अश्विनचा अंगठा बटणावर आला. आता हा पळाला की तीन महिने गेले.

अश्विनने अंगठा उचलला. दोन्ही हात कंट्रोलरवरून बाजूला घेतले, मांडीवर ठेवले. "नाही झाला अजून," तो मागच्यांना म्हणाला.

दुसरा धमाका झाला आणि दगडांनी ती मोकळी वाट झाकून गेली. मागचे सात जण "आईशप्पथ" म्हणाले. मग लांब भोंगा वाजला आणि अश्विन असा सुटला, असा सुटला, की तोफेला तोंड फिरवायलाही सवड मिळाली नाही. कडा, पट्टा, शेवटची उडी. स्क्रीन पांढरी झाली.

पुण्याच्या ऑफिसात जो गोंगाट उठला तो काय सांगावा! कोणी टेबल बडवतंय, कोणी अश्विनला उचलतंय. इकडे रश्मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, आवाज बंद आहे हे विसरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची तिला शुद्ध नव्हती. "तीन, बाबा! तीन!"

"राहिली," पवन सर म्हणाले. "सातवी राहिली. आणि दहावीचा आराखडाही तूच दे."

अश्विन धापा टाकत कॅमेऱ्यासमोर आला. "रश्मी, मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. पण मला एक सांग, हा भोंगा सुचला कसा?"

रश्मीने आवाज सुरू केला. तिने लॅपटॉप सरळ बापाकडे वळवला.

सोमाजींनी आठ चेहरे पाहिले. "जय भीम," म्हणाले. मग घसा खाकरला. "पहिला भोंगा घड्याळ पाहून वाजते. दुसरा घड्याळावर नाई वाजत, बाबू. सुरुंग उडले का आम्ही चार जण आत जाऊन दारू भरलेलं एक एक भोक पाहत होतो. एखादं उडाचं राह्यलं असते ना. समदं पाहून मी हात वर करो, मंगच थो दुसरा भोंगा वाजे. तीस वर्सं माह्या हातावर वाजला थो. त्याच्या भरवशावर बाहेर आलेला एकबी माणूस मेला नाई."

रश्मीलाही हे ठाऊक नव्हतं. बाबा सुरुंगाच्या गँगमध्ये होते एवढंच तिला माहीत होतं. दुसरा भोंगा म्हणजे बाबांचा हात, हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं आणि कोणी कधी विचारलं नव्हतं. तिने त्यांचा तो हात धरला आणि सोडलाच नाही.

अश्विन खुर्ची ओढून बसला आणि त्याने लेव्हल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. कोणी सांगितलं नव्हतं, चाचणी संपली होती, ऑफिस सुटायची वेळ झाली होती. त्याचं पाहून दिव्यानी बसली, मग बाकीचेही आपापल्या जागी गेले. थोड्या वेळाने सगळ्यांची लाली मैदानात पोचली, तसे पुण्याच्या त्या खोलीत एकामागून एक आठ भोंगे वाजले, धमाके झाले, शांत झालं, आणि आठांतलं एकही पोट्टं जागचं हललं नाही.